ओखामंडळ ते कोडिनार : एका दगडाचा इतिहास



बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत 'अमरेली प्रांत' हे शब्द अजून कानांवर येतात. कोणाचे पणजोबा तिकडे वहिवाटदार होते, कोणाचे शाळामास्तर, कोणाचे जकातीवर. बडोदे संस्थानाचा हा प्रांत सलग नव्हता. काठियावाडच्या वायव्य टोकाला द्वारकेसह ओखामंडळ, दक्षिण किनाऱ्यावर कोडिनार, आणि आत अमरेली, धारी, दामनगर असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. ओखामंडळ १८१७ साली गायकवाडांकडे आले. पुढे वाघेरांची बंडे झाली, ती मोडली गेली, आणि मग शाळा, कचेऱ्या, रस्ते आले. हा इतिहास आपल्याला थोडाफार ठाऊक आहे, कारण त्याचे कागद आहेत आणि ते कागद लिहिणाऱ्यांत आपली माणसे होती.

आज मी ज्या इतिहासाबद्दल लिहीत आहे त्याचा कागद दगडाचा आहे. आपली माणसे ज्या कचेऱ्यांत बसून दप्तर लिहीत, त्या कचेऱ्यांच्या भिंतींतला दगड. पोरबंदर, सोमनाथ, कोडिनार या बाजूला तुम्ही गेला असाल तर तो तुम्ही पाहिला आहे. फिकट पिवळसर, ताजा कापला तर जवळजवळ पांढरा, हाताला साखरेसारखा रवाळ. गावकरी त्याच्या कापलेल्या चौकोनी चिऱ्याला 'बेला' म्हणतात. मुंबईच्या बांधकामांत तो 'पोरबंदरी दगड' या नावाने ओळखला गेला. भूशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव 'मिलिओलाइट' आहे.

हे नाव मुंबईत पडले, आणि ते ठेवले एका डॉक्टराने. हेन्री जॉन कार्टर हे कंपनी सरकारच्या नोकरीत सर्जन होते. १८४४ ते १८४६ या काळात अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या 'पॅलिन्युरस' या जहाजावर ते होते, आणि मुंबईला परतल्यावर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत त्यांचा वावर असे. पोरबंदराहून गलबतांनी येणारा हा दगड त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गवंड्याला जी वाळू दिसत होती, ती वाळू नव्हतीच. बहुतेक कण म्हणजे सागरी जीवांची कवचे, त्या कवचांचे झिजलेले तुकडे आणि चुन्याच्या बारीक गोळ्या होत्या. १८४९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

ती कवचे ज्यांची, ते जीव फोरामिनिफेरा या गटातले. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचे घर बांधणारा. हे घर वाढते ते खोलीला खोली जोडत. मिलिओलिड म्हणून जी जात आहे तिच्या खोल्या लांबट असतात आणि एकीवर एक अशा गुंडाळलेल्या असतात. बाहेरून पाच खोल्या दिसल्या तर तो क्विंक्वेलोक्युलिना, तीन दिसल्या तर ट्रायलोक्युलिना. कवच चिनी मातीच्या कपासारखे दुधी आणि चकचकीत. आकार एका मिलिमीटरच्या आतबाहेर. लॅटिनमध्ये 'मिलियम' म्हणजे वरीसारखे बारीक धान्य, त्यावरून या जिवांचे नाव पडले आणि जिवांवरून दगडाचे. उपवासाला वरीचे तांदूळ निवडताना जो दाणा बोटांखाली येतो तो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे नाव किती चपखल आहे ते कळेल.

हे जीव उथळ, कोमट, स्वच्छ समुद्रात राहतात. तेव्हा कार्टरच्या शोधानंतर साधा निष्कर्ष असा निघाला की ज्या अर्थी दगडात समुद्राचे जीव आहेत, त्या अर्थी तो समुद्रात तयार झाला. किनाऱ्यावरच्या खडकापुरते यात काही अडत नव्हते. अडचण पुढे आली, जेव्हा लोक काठियावाडात पायी हिंडू लागले.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी काठियावाडचा भूशास्त्रीय नकाशा तयार केला आणि १८८४ साली त्याचा वृत्तांत छापला. त्या द्वीपकल्पाचा बराचसा गाभा आपल्या सह्याद्रीसारखाच, म्हणजे काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते लाव्हाचे थर. किनाऱ्याकडे जाताना त्यावर कुठे कुठे जांभा. त्याच्याही वर, ओखामंडळात आणि दक्षिण किनाऱ्यावर, पिवळ्या चिकणमातीचे आणि चुनखडकाचे थर. या मातीत जिप्समचे चकाकणारे पत्रे सापडतात, आणि तिच्यासोबतच्या चुनखडकात कालवे, पंख्याच्या आकाराचे शिंपले, प्रवाळ आणि समुद्री अर्चिनची कवचे. हे थर मायोसीन काळातले, त्यांतले जुने सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे. आणि या सगळ्यावर, जणू कोणी पांढरी चादर टाकावी आणि ती ठिकठिकाणी फाटावी तसा, मिलिओलाइट.

ही चादर किनाऱ्यावर संपत नाही. जुनागढचा उपरकोट समुद्रापासून तीस मैलांहून आत आहे. तिथली बौद्ध लेणी, नवघण कुवा आणि अडी-चडी वाव याच दगडात खोदलेली आहेत. बरडा डोंगराच्या अंगाला तो आहे, गिरनारच्या पायथ्याला आहे. आणि राजकोटच्या पलीकडे चोटिल्याच्या टेकडीवर, समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आसपास, त्याचा एक ठिगळासारखा तुकडा चिकटून बसला आहे.

आता प्रश्न किती मोठा झाला ते पाहा. समुद्राच्या तळाशी तयार झालेला दगड जर चोटिल्यावर असेल, तर दोनपैकी एक गोष्ट खरी धरावी लागते. एक तर समुद्र हजार फूट वर चढला होता आणि अख्खे काठियावाड बुडाले होते, किंवा जमीन हजार फूट उचलली गेली, तीही फार अलीकडे, कारण हा दगड वरच्या थरातला आणि म्हणून वयाने लहान. अशा हालचालीच्या खुणा बाकीच्या प्रदेशावर उमटायला हव्या होत्या, आणि त्या तशा दिसत नाहीत. म्हणजे एका टेकडीवरच्या हातभर दगडाने पश्चिम भारताच्या सगळ्या अलीकडच्या भूइतिहासापुढे प्रश्नचिन्ह उभे केले.

उत्तर शोधणाऱ्यांत जॉन विल्यम इव्हान्स यांचे नाव महत्त्वाचे आहे. काठियावाडात काम केलेल्या या भूशास्त्रज्ञाने जुनागढचा दगड बारकाईने तपासला आणि १९०० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आपले मत मांडले : हे कण समुद्रातच जन्मले, पण त्यांना इथे आणून टाकले ते वाऱ्याने.

हा तर्क समजायला आपल्याकडचे खळे आठवणे पुरेसे आहे. उफणणी करताना शेतकरी तिव्ह्यावर उभा राहून सूप उंच धरतो. जड दाणा पायाशी पडतो, हलका भुसा वारा लांब नेतो. वाऱ्याला जे पेलते तेच तो नेतो. किनाऱ्यावर कालव, शिंपला, प्रवाळाचा तुकडा आणि मिलिओलिडचे कवच शेजारी शेजारी पडलेले असतात. वारा कालव उचलू शकत नाही. मिलिओलिडचे कवच मात्र बारीक, आतून पोकळ आणि म्हणून हलके. आत जाऊन पाहिले तर दगडात नेमके हेच हलके, एकसारख्या आकाराचे, गोल झिजलेले कण आहेत. अख्खे शिंपले नाहीत.

कोकणाशी ज्यांचे नाते आहे त्यांना याची दुसरी बाजू ठाऊक असेल. कोकणच्या किनाऱ्यावर 'कराळ' नावाचा दगड मिळतो. तोही वाळू आणि शिंपल्यांचा, तोही चुन्याने सांधलेला. पण त्यात शिंपले सरळ डोळ्यांना दिसतात, कारण तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच जिथल्या तिथे घट्ट झाला. कराळ समुद्राने हाताने ठेवलेला आहे. उपरकोटचा दगड वाऱ्याने पाखडून ठेवलेला आहे.

दुसरा पुरावा थरांच्या ठेवणीचा. पाण्याच्या तळाशी गाळ बसला तर थर साधारण आडवे असतात. मिलिओलाइटच्या खाणीच्या कापलेल्या भिंतीसमोर उभे राहिलात तर तुम्हाला तिरप्या रेघा दिसतील, कधी तीस अंशांपर्यंत उतरत्या, आणि त्यांच्यावर दुसऱ्या दिशेने उतरणारा दुसरा जुडगा. वाळूची टेकडी वाऱ्याबरोबर पुढे सरकते तेव्हा तिच्या आडोशाच्या उतारावरून वाळू घसरत राहते. तो उतार असाच गोठतो. काही ठिकाणी दोन जुडग्यांमध्ये तांबूस मातीचा पातळ थर असतो आणि त्यात झाडांच्या मुळांभोवती चुना साचून झालेल्या नळ्या. म्हणजे वारा थांबला होता, वाळूवर माती धरली होती, झाडे उगवली होती, आणि मग पुन्हा वाळू आली. समुद्राच्या तळाशी झाडांची मुळे कुठून येणार?

चोटिल्याचे कोडे असे सुटते. समुद्र टेकडीवर चढला नव्हता. वाऱ्यावर उडालेली वाळू टेकडीच्या अंगाला अडली आणि साचत साचत वर चढली, उन्हाळ्यात ओसरीच्या कोपऱ्यात धूळ साचते तशीच. पुढे पावसाच्या पाण्याने तिच्यातला थोडा चुना विरघळवला आणि कणाकणांच्या मधल्या फटीत पुन्हा बसवला. वाळूचा खडक झाला.

इव्हान्सच्या एका लेखाने वाद संपला असे मात्र नाही. तो सत्तर-ऐंशी वर्षे चालला, आणि त्यात दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे होते. किनाऱ्यालगतचा काही दगड खरोखरच समुद्राने घातलेला आहे, त्यात शिंपले आणि प्रवाळ आहेत. आत पसरलेला दगड वाऱ्याचा आहे. दोघांना एकच नाव दिल्यामुळे एकाच्या पुराव्याने दुसऱ्याचा निवाडा होत होता. १९७०च्या दशकात किनाऱ्यावरच्या सागरी थरांना पोरबंदरजवळच्या छाया गावावरून वेगळे नाव दिले गेले, आणि 'मिलिओलाइट' हे नाव वाऱ्याने आणलेल्या खडकापुरते ठेवावे असा प्रघात पडत गेला. त्याच सुमारास एस. के. बिस्वास यांनी कच्छचा मिलिओलाइट वाऱ्याचाच असल्याचे मांडले. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात एस. एस. मेढ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौराष्ट्राच्या किनाऱ्याचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. मेढ यांचे गुजरातच्या भूशास्त्रावरचे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले, आणि या विषयात शिरू पाहणाऱ्याला आजही त्याच दाराने जावे लागते.

इथे आपल्या संस्थानाचा एक धागा सांगितला पाहिजे. रॉबर्ट ब्रूस फूट हे नाव इतिहासाच्या वाचकाला अपरिचित नसावे. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना माणसाने घडवलेले दगडी हत्यार सापडले आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला आरंभ झाला. १८९१ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर ते बडोदे संस्थानाच्या चाकरीत आले. सयाजीराव महाराजांना आपल्या मुलखात जमिनीखाली काय आहे ते जाणून घ्यायचे होते. फूट यांचा बडोदे राज्याच्या भूशास्त्रावरचा ग्रंथ १८९८ साली छापला गेला. त्यात अमरेली प्रांतही आहे. एखाद्या संस्थानाने आपल्या विखुरलेल्या मुलखाची अशी शास्त्रीय पाहणी करून घ्यावी आणि ती छापावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

फूट खनिजे शोधायला आले होते, पण त्यांचे डोळे हत्यारांवरून हटत नव्हते. १८९३ साली साबरमतीच्या काठी, बडोद्याच्याच कडी प्रांतात, सादोलिया आणि पेढामली येथे त्यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९४१ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया याच नोंदींचा माग काढत गुजरातेत उतरले. आणि सांकळियांच्या पुढच्या पिढ्या जेव्हा सौराष्ट्रात पोचल्या, तेव्हा दगडाचा इतिहास आणि माणसाचा इतिहास एकाच भिंतीत येऊन मिळाला.

सोमनाथजवळ समुद्राला मिळणारी हिरण नदी गीरच्या डोंगरांतून येते. डेक्कन कॉलेजचे ए. आर. मराठे यांनी तिच्या खोऱ्याचा सविस्तर अभ्यास केला. नदीने कापलेल्या काठांवर त्यांना थर वाचता आले : तळाशी नदीची जुनी गोटे-वाळू, वर मिलिओलाइट. त्या गोट्यांत जुन्या अश्मयुगातल्या माणसाची हत्यारे होती. वाळूची चादर पसरण्याआधी तिथे माणूस होता. म्हणजे वरच्या दगडाचे वय काढता आले, तर खालचा माणूस निदान तेवढा तरी जुना ठरणार.

हे वय कसे काढतात ते थोडक्यात सांगतो. नैसर्गिक पाण्यात युरेनियम विरघळलेले असते, थोरियम जवळजवळ नसते. पाण्यातून चुना बसताना तो युरेनियम आत घेतो. पुढे त्या युरेनियमपासून अगदी ठराविक गतीने थोरियम तयार होत राहते. दोघांचे प्रमाण मोजले की घड्याळ किती वेळ चालू आहे ते कळते. अट एवढीच की मध्ये कोणी काटे फिरवलेले नसावेत, म्हणजे नंतरच्या पाण्याने आतबाहेर ने-आण केलेली नसावी. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले बास्करन व सोमयाजुलू आणि डेक्कन कॉलेजचे मराठे व एस. एन. राजगुरू यांनी मिळून हे काम केले आणि १९८६ साली प्रसिद्ध केले. उमरेठी येथल्या मिलिओलाइटचे वय १,९०,००० वर्षांहून जास्त निघाले. जुनागढच्या अडी-चडी वावेतल्या दगडाचे सुमारे ६९,००० वर्षे. पुढे सौराष्ट्रातल्या अनेक जागांचे नमुने तपासले गेले, आणि वाळू एकदाच आली नाही, सुमारे दोन लाख ते पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या काळात ती टप्प्याटप्प्याने आली असे चित्र तयार झाले.

त्या काळात पृथ्वी हिमयुगांच्या फेऱ्यांतून जात होती. ध्रुवांकडे बर्फ साचले की समुद्र ओसरे, बर्फ वितळले की पुन्हा भरे. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून काही मीटर वर होता, आणि सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी आजच्याहून १२० मीटरच्या आसपास खाली. काठियावाडसमोरचा समुद्रतळ उथळ आणि रुंद आहे. अशा किनाऱ्यावर समुद्राच्या प्रत्येक ये-जा बरोबर कवचांच्या वाळूचे पट्टे उघडे पडणार आणि जोराचा वारा ते आत नेणार. ओखामंडळात बसून खाऱ्या वाऱ्याबद्दल घरी पत्रे लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे सांगितले असते, तर त्यांना त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नसते.

आता या दगडाच्या उपयोगाकडे वळतो, कारण माझे मुख्य म्हणणे तिथे आहे.

हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो. करवतीने कापता येतो, छिन्नीला सहज वश होतो. हवेत राहिला की पृष्ठभाग टणक होतो, कारण आतला ओलावा बाहेर येताना विरघळलेला चुना बरोबर आणतो आणि बाहेरच्या अंगावर ठेवून जातो. जुन्या गॅझेटियरांत एक गंमतीची नोंद आहे : पोरबंदरचे लोक या दगडाच्या भिंती चुन्याशिवाय रचतात, आणि पावसाच्या ओलाव्याने चिरे एकमेकांत मिळून सगळी भिंत एकसंध होते अशी त्यांची समजूत आहे. जो गुण वाळूचा खडक करतो, तोच गुण लोकांनी भिंतीत ओळखला होता.

एकोणिसाव्या शतकात मुंबई उभी राहत होती तेव्हा कुर्ल्याच्या दगडाबरोबर पोरबंदरचा दगड तिथल्या सार्वजनिक इमारतींना लागला. विसावे शतक उजाडले आणि दगडाचा दुसरा गुण पुढे आला : तो जवळजवळ निव्वळ चुना आहे. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. पुढे द्वारकेला सिमेंट आले. १९२६ साली बडोदे संस्थानाने ओखा बंदर खुले केले. कपिलराम वकील यांच्या मिठाच्या उद्योगातून १९३९ साली मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली. सोडा करायला मीठ लागते आणि चुनखडक लागतो, ओखामंडळात दोन्ही होते. स्वातंत्र्यानंतर कोडिनार-वेरावळच्या पट्ट्यातही सिमेंट आले. या उद्योगांनी त्या वैराण किनाऱ्याला अन्न दिले, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

मिलिओलाइटच्या कणाकणांत फटी आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खाली मुरते आणि साठून राहते. चोरवाडपासून कोडिनार-उन्यापर्यंतच्या किनाऱ्याला 'लीली नाघेर' म्हणतात, म्हणजे हिरवा नाघेर. नारळ, केळी, विड्याची पाने, आंबे. काठियावाडसारख्या रुक्ष मुलखात ही हिरवळ शक्य झाली, तिच्यामागे या दगडाने धरून ठेवलेले गोडे पाणी आहे. हे गोडे पाणी समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून उपसा वाढला की खालून आणि बाजूने खारे पाणी आत येते. १९६०-७०च्या दशकांत इंजिनांनी पाणी उपसू लागल्यावर किनाऱ्याच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, आणि १९७०च्या दशकात सरकारला त्यासाठी उच्चस्तरीय समित्या नेमाव्या लागल्या. दगड पाणी धरतो, आणि आपण पाणीही काढतो आणि दगडही काढतो. खाण खोल गेली की जमिनीखालचा तो साठाच कमी होतो. हे नुकसान किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला विहिरीच्या चवीवरून कळते.

दुसरे नुकसान चवीवरून कळत नाही, म्हणून ते सांगायला आपल्यासारख्यांनी पुढे यायला हवे. आपल्या समाजात जुने दप्तर जपण्याची रीत आहे. रुमालात बांधलेले मोडी कागद कोणी रद्दीत घालू लागले तर आपण त्याचा हात धरतो. आपल्याला हेही ठाऊक आहे की दप्तरातून सुटलेला एकटा कागद अर्धा मुका असतो. तो कोणत्या रुमालात होता, त्याच्या वर काय होते, खाली काय होते, हे गेले की तारखेचा ठाव लागत नाही. दगडाचेही असेच आहे. मुंबईच्या भिंतीतला पोरबंदरी चिरा कवचे दाखवतो, पण वरची बाजू कोणती, वारा कुठून आला, खाली गोटे होते की माती, हे त्याला सांगता येत नाही. हिरणच्या काठावर जे वाचता आले, ते थर जागेवर उभे होते म्हणून. खाण पुढे सरकते तेव्हा भिंत उघडी पडते आणि अभ्यासकाला थोडा वेळ वाचता येते. मग ती भिंतही कापली जाते.

सगळा दगड राखावा असे मी म्हणत नाही. घरे त्याचीच होतील, सिमेंटही त्याचेच होईल. पण काही मोजक्या भिंती, जिथे वाळूचे तिरपे थर, मधली तांबडी माती, मुळांच्या नळ्या आणि खालचे हत्यारांचे गोटे एकत्र दिसतात, त्या तशाच राहाव्यात. देशात काही भूशास्त्रीय स्थळे राष्ट्रीय स्मारके म्हणून घोषित झालेली आहेत. मिलिओलाइटच्या अशा भिंतींनाही तेवढे संरक्षण मिळावे यासाठी बोलणारे लोक हवेत. उपरकोट टिकला तो लेण्यांमुळे, अडी-चडी वाव टिकली ती पाण्यामुळे. त्यांच्या भिंतींतला दगड फुकट टिकला. उमरेठीसारख्या नदीकाठाला लेणे नाही, देऊळ नाही, त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही.

आणि एक काम आपल्या घरातले आहे. अमरेली प्रांतात चाकरी केलेल्यांची पत्रे, रोजनिश्या, जुनी छायाचित्रे कोणाच्या माळ्यावर असतील तर ती काढून पाहा. एखाद्या छायाचित्रात कचेरीच्या मागे अजून न कापलेली टेकडी दिसेल. एखाद्या पत्रात विहिरीचे पाणी गोड लागल्याची ओळ असेल. कोडिनारच्या त्या विहिरीची आजची चव आणि तेव्हाची चव यांच्यामध्ये काय घडले, हे सांगायला ती ओळ उपयोगी पडेल.

पुढच्या वेळी सोमनाथाच्या दर्शनाला जाल तेव्हा पिशवीत एक साधे भिंग टाका. दर्शन झाल्यावर आसपासच्या एखाद्या जुन्या घराच्या भिंतीपाशी थांबा आणि उन्हात भिंग चिऱ्यावर धरा. वरीच्या दाण्यासारखे दुधी ठिपके दिसतील. त्यांतला एखादा गुंडाळलेल्या लांबट खोल्यांचा असेल. समुद्रात जन्मलेला, वाऱ्याने आत आलेला आणि या मातीत स्थिरावलेला तो दाणा आपल्या घराण्यांच्या फार आधी इथे आला, आणि त्याच्याखालच्या गोट्यांत हत्यार टाकून गेलेला माणूस त्याच्याही आधी.